लोखंडाचा सोडियम कॅथोड खरंच स्वस्त पडतो का?

खारट_आयन:
सोडियम-आयन बॅटरीचा विषय निघाला की ‘मीठ स्वस्त, म्हणजे बॅटरी स्वस्त’ असं सर्रास ऐकू येतं. मला पटत नाही. कॅथोड (बॅटरीच्या धन बाजूचा पदार्थ) किलोला काय भावाने मिळतो ते सोडा, किलोवॅट-तासाला किती लागतो ते बघा. लोखंडाचा एनएफपीपी (सोडियम-लोह मिश्र फॉस्फेट) ग्रॅमला १२९ मिलिअँपिअर-तास देतो, सरासरी ३.१ व्होल्टवर. लिथियमचा एलएफपी (लिथियम-लोह फॉस्फेट) १७० देतो, ३.४ वर. म्हणजे कागदावरसुद्धा एका किलोवॅट-तासाला एनएफपीपी अडीच किलो, एलएफपी पावणेदोन. वर फॉइल, इलेक्ट्रोलाइट, डबा, सगळंच वाढणार. त्यापेक्षा थोडं निकेल घालून थरांचं ऑक्साइड (अणूंचे थर एकावर एक असलेला कॅथोड) करा.

गंजका_खिळा:
साफ असहमत. सोडियमची ॲल्युमिनियमशी मिश्रधातू होत नाही, म्हणून ॲनोडलाही (ऋण बाजूलाही) तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची फॉइल चालते. ते बरं विसरलात! आणि ग्रिडची बॅटरी जागेवरून हलत नाही, तिला वजनाचं काय? फॉस्फेटचा सांगाडा घट्ट असतो, चार्ज-डिस्चार्जच्या हजारो फेऱ्या काढतो. निकेलच घालायचं तर सोडियमपाशी आलातच कशाला?

लिथियमभक्त:
२०२२ च्या अखेरीस लिथियम कार्बोनेट (लिथियम बॅटरीचा कच्चा माल) टनाला सहा लाख युआनच्या घरात होतं, २०२४ मध्ये लाखाच्या खाली. चर्चा संपली.

गंजका_खिळा:
भाव पुन्हा चढला की उघडू मग.

स्लरीवाला:
तुम्ही कोणी मिक्सर चालवलेला दिसत नाही :) ओ३ प्रकारचं, म्हणजे तुमचं ते थरांचं ऑक्साइड दमट हवेत उघडं राहिलं की पृष्ठभागावर सोडियम हायड्रॉक्साइड नि कार्बोनेट धरतं, आणि तो अल्कली पीव्हीडीएफ बाइंडरला (कॅथोडची पूड फॉइलला चिकटवणाऱ्या प्लॅस्टिकला) नासवतो. एकदा तासाभराने परत येऊन बघतो तर स्लरी (फॉइलवर लावायचं कॅथोडचं पातळ मिश्रण) थिजून गोळा. पॅडल उचललं तर भांडंच वर आलं! ड्राय रूमचा (हवेतला ओलावा काढलेल्या खोलीचा) खर्च तुमच्या हिशेबात कुठे आहे?

खारट_आयन:
ड्राय रूम मान्य. पण स्वस्तातलं प्रशियन व्हाइट (लोह-सायनाइडचा सोडियम कॅथोड) तरी कुठे सरळ आहे? सीएटीएल या चिनी बॅटरी कंपनीने २०२१ मध्ये त्यावर किलोला १६० वॅट-तासांचा सेल दाखवला खरा, पण स्फटिकात अडकलेलं पाणी काढताना नाकी नऊ येतात.

गंजका_खिळा:
मग सोडियम-लोह सल्फेटचा कॅथोड घ्या. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालंय: ३.८ व्होल्ट, ग्रॅमला १२०, भट्टीही जेमतेम ३५० अंशांची. तुमच्याच गणिताने सव्वादोन किलोच्या आत.

स्लरीवाला:
सल्फेट? तेही ओलाव्याला हळवंच. या परत ड्राय रूममध्ये.