घटस्फोट होत असताना दोन वर्षांच्या ग्रीनकार्डावरची अट कशी काढावी?

पैलतीर:
नमस्कार. माझे यजमान अमेरिकेचे नागरिक आहेत. लग्नानंतर आठ महिन्यांनी माझे ग्रीनकार्ड मंजूर झाले. त्या वेळी लग्नाला दोन वर्षे पुरी झालेली नसल्यामुळे मला दोन वर्षे मुदतीचे, सशर्त कार्ड मिळाले. ती मुदत संपायला आता पाच महिने उरले आहेत. अट काढण्यासाठीचा आय-७५१ हा अर्ज नवराबायकोने मिळून, मुदत संपण्याआधीच्या ९० दिवसांत करायचा असतो, एवढे मला ठाऊक आहे. परंतु आम्ही गेल्या उन्हाळ्यापासून वेगळे राहतो, त्यांनी घटस्फोटाचा दावा लावला आहे आणि अर्जावर सही करणार नाही असे स्पष्ट सांगितले आहे. आमचे लग्न कार्डासाठी झालेले नव्हते. ते खरे होते, हे त्यांच्या सहीवाचून मी कसे दाखवू? की मला परत जावे लागेल? घरी अजून कोणालाही सांगितलेले नाही.

कागदोपत्री:
ताई, सर्वप्रथम मनातली भीती बाजूला ठेवा, कारण कायद्याने या प्रसंगाचा विचार केलेला आहे. कार्ड मिळवण्यापुरती होणारी लग्ने रोखण्यासाठी १९८६ साली ही दोन वर्षांची अट आली; परंतु मनापासून केलेली लग्नेही मोडतात, हे ओळखून त्याच कायद्यात संयुक्त अर्जाच्या सक्तीतून सूटही ठेवली आहे. लग्न सद्‌हेतूने झाले होते आणि ते घटस्फोटाने संपले, एवढे दाखवता आले तर तुम्ही एकटीच्या सहीने आय-७५१ भरू शकता. नवऱ्याने छळ केला असेल तर सुटीचा वेगळा आधार आहे आणि त्यासाठी घटस्फोट होण्याची वाट पाहावी लागत नाही. तसे काही घडले असेल तर ते वकिलापासून लपवू नका.

सूट मागणाऱ्या अर्जाला ९० दिवसांची खिडकी लागू नाही. तो त्याआधीही करता येतो. मात्र घटस्फोटाच्या आधारावर सूट हवी असेल तर न्यायालयाचा अंतिम हुकूम लागतो. दावा प्रलंबित असताना अर्ज केला, तर इमिग्रेशन खाते सहसा पत्र पाठवून तो हुकूम ठराविक मुदतीत सादर करायला सांगते. म्हणून तुमच्या घटस्फोटाच्या वकिलाला कार्डाची तारीख आजच कळवा. ही दोन प्रकरणे दोन वकिलांकडे असतात आणि एकाला दुसऱ्याची तारीख माहीत नसते, यातूनच पुष्कळ घोळ होतात. हुकूम वेळेत हाती आला नाही तरीही अर्ज न करता मुदत उलटू देऊ नका, कारण अर्जच केला नाही तर दोन वर्षे पुरी होताच रहिवासाचा दर्जा आपोआप संपतो.

मोगरा:
मी या वाटेने गेले आहे, म्हणून पुराव्यांविषयी लिहिते. संयुक्त बँकखाते, दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकत्र भरलेले कर, विम्यावरचे वारसाचे नाव, हे सगळेच मागतात आणि ते द्यावेच. माझ्याकडे मात्र भाडेकरार नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर होता. मग मी कपाटातला बुटांचा रिकामा खोका काढला, ज्यात आम्ही सगळ्या पावत्या टाकत असू. त्यात दंतवैद्याकडे भरलेल्या फॉर्मची प्रत सापडली; 'अडचणीच्या वेळी कोणाला कळवावे' या रकान्यात त्याने स्वतःच्या हाताने माझे नाव लिहिले होते. तो कागद हातात घेऊन मी बराच वेळ जमिनीवर बसून राहिले. तो मी जोडला. लग्नाचे चार फोटो पुरतात. त्यापेक्षा अधेमधे, साध्या दिवसांत काढलेले, तारखा असलेले फोटो द्या. दोघांनाही जवळून ओळखणाऱ्या दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे घ्या, आणि 'ते सुखी जोडपे होते' असे मोघम लिहून न घेता त्यांनी प्रत्यक्ष काय पाहिले ते लिहायला सांगा. तुमचे स्वतःचे निवेदनही हवे: भेट कशी झाली, घर कसे मांडले, कुठे बिनसले. बिनसल्याचा भाग गाळू नका. आणि ताई, घरच्यांपैकी एकाला तरी सांगा.

पैलतीर:
दोघांचेही मनापासून आभार. आणखी दोन शंका आहेत. अर्ज प्रलंबित असताना कार्डाची मुदत संपली तर नोकरीचे काय? आणि आईच्या शस्त्रक्रियेसाठी भारतात जाऊन येता येईल का?

कागदोपत्री:
अर्जाची पोचपावती येते, तीच कार्डाची मुदत वाढवते; २०२३ पासून ही वाढ ४८ महिन्यांची आहे. मुदत संपलेले कार्ड आणि ती पावती एकत्र दाखवून नोकरीही चालू राहते आणि थोड्या दिवसांसाठी परदेशी जाऊन परतही येता येते. मूळ पावती जवळ बाळगा. बोटांच्या ठशांसाठी बोलावले तर ती तारीख चुकवू नका, आणि पत्ता बदलल्यास १० दिवसांच्या आत कळवा, कारण विभक्त झालेल्यांची पत्रे बहुधा जुन्याच घरी जाऊन पडतात. परतताना विमानतळावर कोणी ग्रीनकार्ड सोडून देण्याचा आय-४०७ हा फॉर्म पुढे केला तर त्यावर सही करू नका. इमिग्रेशन न्यायाधीशासमोर बाजू मांडण्याचा हक्क तुम्हाला आहे.

नागरिकत्वाचे मात्र गणित बदलेल. नागरिक जोडीदारासोबत राहणाऱ्यांना तीन वर्षांनी अर्ज करता येतो. घटस्फोटानंतर तुम्हाला सर्वसाधारण पाच वर्षांचा नियम लागेल. सशर्त कार्डावरची दोन वर्षे त्यात धरली जातात, तेव्हा हा काळ वाया गेलेला नाही.