स्टिरॉइडनं ल्युकेमियाच्या बी सेल्स नेमक्या कशा मरतात? न्यूक्लिअर रिसेप्टरबद्दल विचारायचंय

मेघा_वाई:
नमस्कार मंडळी. माझ्या पुतण्याला (वय ७) बी सेलचा (अँटिबॉडी करणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशींचा) एएलएल, म्हणजे एक प्रकारचा ल्युकेमिया, निघालाय, सध्या पुण्यात ॲडमिट आहे. पहिले ७ दिवस फक्त प्रेडनिसोलोन आणि पाठीतून एक इंजेक्शन, मग ८व्या दिवशी रक्तात ब्लास्ट (ल्युकेमियाच्या कोवळ्या पेशी) किती उरलेत ते बघणार असं डॉक्टर म्हणाले, त्यावर पुढचं बरंच ठरतं म्हणे. मी बी.एस्सी. झूलॉजी केलंय त्यामुळे घरातले सगळे मलाच विचारतायत. डॉक्टरांनी घाईघाईत सांगितलं की हे औषध पेशीतल्या न्यूक्लिअर रिसेप्टरला (जीन्स चालू-बंद करणारं प्रोटीन) चिकटतं आणि ब्लास्ट मरायला लागतात. आता माझ्या सासूबाई दम्याचा ॲटॅक आला की हेच प्रेडनिसोलोन घेतात, मग त्यांच्या बी सेल्स का नाही मरत? आणि हे रिसेप्टर काय कॅन्सरच्या औषधासाठी तर शरीरात ठेवलेले नाहीत ना, एरवी त्यांचं काम काय असतं? कुणी नीट समजावून सांगेल का, थोडं खोलात गेलात तरी चालेल.

हिमॅटोपॅथ_नगर:
मेघाताई, प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. मी ल्युकेमियाचे रिपोर्ट रोज बघतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

प्रेडनिसोलोन चरबीत विरघळतं, त्यामुळे ते पेशीच्या आवरणातून सरळ आत शिरतं. आत ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर असतो, हीट शॉक प्रोटीनांना धरून सायटोप्लाझममध्ये थांबलेला. औषध बसलं की तो तिथून सुटतो, न्यूक्लियसमध्ये जातो, त्याचे दोन झिंक फिंगर (बोटांसारखे भाग) डीएनएवरच्या ठरावीक जागी बसतात आणि काही जीन्स चालू होतात, काही बंद. गंमत बघा, ल्युकेमियात स्टिरॉइड १९५०च्या दशकापासून देतायत, पण या रिसेप्टरचं जीन १९८५ साली रॉनल्ड एव्हान्स यांच्या लॅबनं क्लोन केलं. म्हणजे तीसेक वर्षं मुलांना गुण येत होता आणि औषध ज्याला चिकटतं त्याची रचनाच हातात नव्हती.

आता मरण्याचं. लिम्फॉइड पेशीत (बी सेल, टी सेल यांच्या घराण्यातल्या) चालू होणारं एक महत्त्वाचं जीन म्हणजे बिम. त्यापासून होणारं प्रोटीन पेशीला ॲपॉप्टोसिसकडे (पेशीनं स्वतःच मरण्याकडे) ढकलतं, आणि बीसीएल-२ नावाचं प्रोटीन त्याला अडवतं. कुठल्या पेशीत बीसीएल-२ किती आहे यावर बराच खेळ आहे. बोन मॅरोत (हाडांतल्या मज्जेत) बी सेल तयार होताना प्रो-बी, प्री-बी, इमॅच्युअर, मग मॅच्युअर असे टप्पे असतात, आणि उंदरांत बघितलं तर प्री-बीच्या टप्प्यावर बीसीएल-२ एकदम खाली गेलेलं असतं, मॅच्युअर झाल्यावर परत वाढतं. म्हणून तोच रिसेप्टर, तेच औषध, पण प्री-बी पेशी पटापट मरतात आणि मॅच्युअर बी सेल बऱ्यापैकी टिकून राहते. मुलांमधला बी-एएलएल हा बहुतेक वेळा याच कोवळ्या टप्प्यावर अडकलेल्या पेशींचा असतो. तुमच्या सासूबाईंचं उत्तर इथंच आहे, त्यांच्याही मॅरोतल्या कोवळ्या पेशी कमी होत असणार, पण कोर्स थोड्या दिवसांचा, रक्तातल्या मॅच्युअर पेशी तग धरतात आणि औषध थांबलं की मॅरो भरून काढतो.

८व्या दिवसाचा आकडा म्हणाल तर बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे १००० पेक्षा कमी ब्लास्ट म्हणजे चांगला प्रतिसाद धरतात.

रोहन_इम्युनो:
वरचं एकदम बरोबर, मी दुसऱ्या प्रश्नावर लिहितो, एरवी काम काय. माझी पीएचडी बी सेलवरच चाललीय त्यामुळे लांबलं तर सांभाळून घ्या.

माणसात असे ४८ न्यूक्लिअर रिसेप्टर आहेत. इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन, थायरॉइड हार्मोन, व्हिटॅमिन डी, व्हिटॅमिन ए पासून होणारं रेटिनोइक ॲसिड, सगळ्यांचे रिसेप्टर याच घराण्यातले. मॅरोत रोज अफाट संख्येनं बी सेल्स बनतात, त्यातल्या किती पुढे सोडायच्या हे शरीराला सारखं ठरवावं लागतं आणि त्यात या हार्मोन्सचा मोठा हात आहे. स्वतःचं कॉर्टिसॉल तेच करतं. झिंक कमी असलेला आहार दिलेल्या उंदरांत कॉर्टिकोस्टेरॉन (त्यांचं कॉर्टिसॉलसारखं हार्मोन) वाढतं आणि मॅरोतल्या प्री-बी पेशी घटतात, अमेरिकेत पामेला फ्रेकर यांनी यावर कितीतरी वर्षं काम केलंय. मला हे काम फार महत्त्वाचं वाटतं, कारण कुपोषित मुलं वारंवार इन्फेक्शननं का आजारी पडतात त्याचा एक धागा इथं सापडतो, आणि आपल्याकडे तो प्रश्न काही पुस्तकी नाहीये.

इस्ट्रोजेनचं तर अजून इंटरेस्टिंग. गाभण उंदरीच्या मॅरोत बी सेलचे पूर्वज खूप कमी होतात, नुसतं इस्ट्रोजेन दिलं तरी तेच, आणि ओव्हरी काढल्या की उलट, बी सेल्सचं उत्पादन वाढतं. पण तेच इस्ट्रोजेन, मॅरोतून बाहेर आलेल्या बी सेल्सच्या बाबतीत मात्र वेगळं वागतं. बेटी डायमंड यांच्या उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं की इस्ट्रोजेन दिल्यावर बी सेलमध्ये बीसीएल-२ वाढतं आणि स्वतःच्याच शरीराविरुद्ध अँटिबॉडी करणाऱ्या ज्या पेशी एरवी गाळल्या गेल्या असत्या त्या वाचतात. ल्युपस या अशा अँटिबॉडींमुळे होणाऱ्या आजाराच्या दर १० पेशंटमध्ये साधारण ९ बायका असतात, त्यामागचं हे एक कारण (एकमेव नाही, एक्स क्रोमोसोमचाही भाग आहे).

टेस्टोस्टेरॉन तर आडवाटेनं काम करतं. २०१८ मध्ये गोथेनबर्गच्या गटानं दाखवलं की नर उंदरांत टेस्टोस्टेरॉन नसेल तर प्लीहेत बॅफ नावाचं बी सेल्सना जगवणारं प्रोटीन वाढतं आणि बी सेल्स वाढतात. हा परिणाम बी सेलमधल्या रिसेप्टरमुळे नव्हताच, प्लीहेतल्या आधार देणाऱ्या पेशींमधून आणि नसांच्या मार्गानं होता. म्हणून कुठलं हार्मोन बी सेल वाढवतं आणि कुठलं कमी करतं असा तक्ता करायला गेलं की फसायला होतं, पेशी कुठल्या टप्प्यावर आहे, कुठल्या अवयवात आहे, शेजारी कोण आहे हे बघितल्याशिवाय काहीच सांगता येत नाही.

अजून एक, माझ्या आवडीचा. नर-७७ म्हणून रिसेप्टर आहे, त्याला हार्मोन बसायला खोबणच नाही. बी सेलला अँटिजेन (ती ज्याला ओळखते तो पदार्थ) चिकटलं की काही तासांत तो भराभर तयार होतो आणि पेशीला रोखून धरतो. टी सेलकडून दुसरा सिग्नल मिळाला तर पेशी पुढे जाते, नाही मिळाला तर नर-७७ आणि त्याची भावंडं तिला वाढू देत नाहीत. स्वतःच्याच प्रोटीनला चिकटणाऱ्या बी सेल्स आपल्या सगळ्यांच्या अंगात असतात, त्यांना आवर घालायची ही एक सोय.

मेघा_वाई:
दोघांचेही खूप खूप आभार, मी दोनदा वाचलं आणि दिरांना फोनवर वाचूनही दाखवलं. ते विचारतायत की व्हिटॅमिन डीचा रिसेप्टर पण याच घराण्यातला असेल तर व्हिटॅमिन डी जास्त दिलं तर फायदा होईल का, त्यांना व्हॉट्सॲपवर कुणीतरी पाठवलंय. आणि समजा स्टिरॉइडनं ब्लास्ट कमी झालेच नाहीत तर?

अनघा_आई:
मेघाताई, माझी मुलगी याच ट्रीटमेंटमधून गेलीय, आता शाळेत जाते. मला रिसेप्टरबिसेप्टर फार कळत नाही पण घरी काय होतं ते सांगते. चेहरा सुजेल, भूक प्रचंड लागेल, माझी तर रात्री २ वाजता उठून वरणभात मागायची, आणि चिडचिड इतकी की आपलंच मूल ओळखू येत नाही. जाऊबाईंना आधीच सांगून ठेवा की हे औषधामुळे आहे, नंतर उतरतं. गोळी खाल्ल्यावरच द्या. आणि सुजलेला चेहरा बघून कुणी गोळ्या बंद करा म्हणालं तर अजिबात ऐकू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात त्याला कारण असतं. ताप आला तर रात्र असो की दिवस, लगेच हॉस्पिटलला फोन.

हिमॅटोपॅथ_नगर:
अनघाताईंनी लिहिलंय ते प्रिंट काढून ठेवा. बाहेरून स्टिरॉइड मिळत असतं तेव्हा मुलाच्या अॅड्रीनल ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल करणं जवळजवळ थांबवतात, म्हणून एकदम बंद करणं धोक्याचं.

व्हिटॅमिन डीबद्दल, त्याचा रिसेप्टर ॲक्टिव्हेट झालेल्या बी सेल्समध्ये असतो आणि लॅबमध्ये त्यांचं प्लाझ्मा सेलमध्ये (अँटिबॉडी सोडणाऱ्या पेशीत) रूपांतर कमी करतो हे खरंय. पण त्यावरून ल्युकेमिया बरा होत नाही. कमतरता असेल तर डॉक्टर देतीलच, कारण स्टिरॉइडनं हाडं कमकुवत होतात. स्वतःच्या मनानं डोस वाढवला तर रक्तात कॅल्शियम वाढून किडनीला त्रास होतो, दिरांना हे स्पष्ट सांगा.

ब्लास्ट कमी झाले नाहीत तर ट्रीटमेंट जास्त कडक करतात, दरवाजे बंद होत नाहीत. काही वेळा रिसेप्टरच्याच जीनमध्ये म्युटेशन असतं, काही वेळा पेशी बिम चालूच होऊ देत नाही, आणि म्हणूनच व्हिन्क्रिस्टिन, ॲस्पॅराजिनेज अशी वेगळ्या वाटेनं मारणारी औषधं सोबत असतात.

पुढे महिनाभरानं मॅरोचा एमआरडी (उपचारानंतर उरलेल्या ल्युकेमिया पेशींचं प्रमाण) रिपोर्ट येईल, तो ०.०१ टक्क्याच्या खाली आहे का ते विचारा. आम्ही तो फ्लो सायटोमेट्रीवर (पेशींवरचे मार्कर मोजणारं यंत्र) करतो. सीडी१९ आणि सीडी१० हे दोन्ही मार्कर असलेल्या पेशींचा ठिपक्यांचा पुंजका स्क्रीनवर शोधायचा असतो, आणि अडचण अशी की निरोगी कोवळ्या बी सेल्सवरही हेच दोन मार्कर असतात. पण महिनाभर स्टिरॉइड चालल्यामुळे त्या निरोगी पेशीही जवळजवळ नाहीशा झालेल्या असतात, त्यामुळे त्या वेळी तिथं जे काही दिसतं त्याकडे आम्ही फार संशयानं बघतो. नंतरच्या मॅरोत मात्र निरोगी पेशी जोमानं परत येतात आणि तोच पुंजका पुन्हा भरतो, तेव्हा रिपोर्टवर हिमॅटोगोन्स (या निरोगी कोवळ्या बी सेल्सचंच नाव) वाढलेत असं लिहिलेलं दिसलं तर घाबरू नका, त्या त्याच्या स्वतःच्या नव्या बी सेल्स असतात.