‘ब्रिओ’ म्हणजे नुसता उत्साह? मला पटत नाही

झंकार: एका मैफलीच्या कार्यक्रमपत्रिकेचं मराठी करताना अडलोय. बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीच्या (१८०८) पहिल्या भागावर वादकांसाठी ‘अलेग्रो कॉन ब्रिओ’ (द्रुत, ‘ब्रिओ’सह) अशी सूचना आहे. कोश म्हणतात, ब्रिओ म्हणजे उत्साह, चैतन्य. पण सुरुवातीचे ते चार ठोके आठवा, त्यात उत्साह कसला? बरं, शब्द मुळात इटालियनही नाही. मूळ केल्टिक, अर्थ बळ; इटलीत तो आला स्पॅनिशमधून. जुन्या आयरिशमध्ये ‘ब्रीग’ म्हणजे शक्तीच. म्हणून मी ‘जोम’ किंवा ‘रग’ लिहिणार.

उगाच_बोललो: काका, मुळावरूनच अर्थ ठरवायचा तर शिक्षा भोगून आलेल्याला पदवीधर म्हणा! संस्कृतात शिक्षा म्हणजे शिकणंच होतं. शब्द जिथे नांदतो तिथला अर्थ खरा. गप्पांत रंग भरणाऱ्या माणसाला इटालियन लोक ‘पिएनो दी ब्रिओ’ म्हणतात. त्याच्यात कसली रग?

मडगावची: आजी पोर्तुगीज शाळेत शिकलेली. तिच्या तोंडी ‘ब्रिऊ’ म्हणजे स्वाभिमान. कुणी उधार मागायला गेला तर म्हणायची, त्याला ब्रिऊच नाही. स्पेनमध्ये धमक, पोर्तुगालात स्वाभिमान, इटलीत चैतन्य. एकाच घरातली भावंडं, पण स्वभाव बघा!

चारचाकी: होंडाने २०११मध्ये ब्रिओ गाडी आणली तेव्हा मला तो जपानी शब्द वाटला होता 😀 आणि पोराच्या लाकडी आगगाडीवरचं ‘ब्रिओ’ तर तिसरंच निघालं. स्वीडनमधल्या ओस्बी गावच्या इवार्सन बंधूंची आद्याक्षरं!

झंकार: @उगाच_बोललो, शिक्षेचा टोला मान्य. पण मी मुळावर नाही, कानावर चाललोय. बेथोव्हेनच्याच तीन रचना घ्या, ‘पॅथेटिक’ सोनाटा, तिसरा पियानो कॉन्चेर्टो, पाचवी सिंफनी: तिन्ही सी मायनर या गंभीर छटेच्या स्वरपट्टीत, तिन्हींच्या पहिल्या भागावर ‘कॉन ब्रिओ’. हा माणूस खुशीत नाहीये हो, झुंजतोय.

उगाच_बोललो: सोयीची तेवढी उदाहरणं वेचलीत. त्याच्या पहिल्या सिंफनीवरही तेच शब्द आहेत की! ती सी मेजर या उजळ छटेच्या स्वरपट्टीत, चांगली हसतखेळत चालते. तिथे ‘रग’ लिहिलीत तर वादक मारामारी करतील.

झंकार: हं. ती विसरलो होतो. मग दोन्हीकडे चालेल असा शब्द द्या.

मडगावची: तडफ?

झंकार: बसतोय! उद्या छपाईला जातंय, ‘तडफेने, द्रुत’ असंच लिहितो.

उगाच_बोललो: लिहा. मला अजूनही ‘चैतन्य’च बरं वाटतं. फक्त प्रूफ नीट तपासा, ‘तडफडीने’ छापून येईल.