एमएससाठी 40 लाखांचं कर्ज काढावं का? मदत हवी आहे

मुलगी हिंजवडीत नोकरीला, हातात महिना 45 हजार. अमेरिकेत इन्फर्मेशन सिस्टिम्समध्ये एमएसला प्रवेश मिळालाय. कर्ज 40 लाख, व्याज 10.5 टक्के, तारण कोथरूडचा फ्लॅट. 10 वर्षांसाठी हप्ता 54 हजारांच्या आसपास बसतो, शिकतानाचं व्याज वेगळंच! बँकवाले शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची 80ई ची करसूट ऐकवतात, पण ती जुन्या करप्रणालीतच मिळते. कॉलेजचा ‘सरासरी पगार’ मी धरत नाही. नोकरी न लागलेले त्यात कुठे असतात? कोर्स स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) बसतो, म्हणजे ओपीटी, शिक्षणानंतर तिथे काम करायची परवानगी, 3 वर्षांपर्यंत. मी लवकरच निवृत्त होतोय. इथलं एमबीए कृपया सुचवू नका, घरात चर्चा होऊन गेलीये.

एच-1बी (अमेरिकेतला नोकरीचा व्हिसा) न लागल्यामुळे हाच कोर्स करून पुण्यात परतलेल्यांना सुरुवातीला हातात किती पगार मिळाला, आणि हप्ता त्यातून निघतो का?