प्रतिसाद: गोष्ट त्यांची, पण सुरुवात कुठनं?

वरती एकांनी म्हटलंय की शरणार्थ्यांनी आपली गोष्ट सांगितली की लोकांचं मत बदलतं. बदलतं की, पण आपण त्यांना फक्त पळून आलेला दिवसच विचारतो ओ. आमच्या बेळगावकडनं कर्नाटकातलं मुंडगोड काय लांब नाही, तिथं १९६६ पासनं तिबेटी वसाहत आहे, गांदेन-द्रेपुंगचे मठ आहेत, आणि आपले लोक जाऊन मठाचे फोटो काढतात, मोमो खातात नि परत येतात. तिथल्या म्हाताऱ्यांना शेतीबद्दल विचारा की, जंगल तोडून मका कसा लावला ते.

दुसरं म्हणजे आश्रय मागणाऱ्याला गोष्ट हाच पुरावा असतो. मुलाखतीत तारीख मागंपुढं झाली की अधिकारी म्हणणार खोटं बोलतोय, आता घाबरलेल्या माणसाला तारखा क्रमानं कशा आठवणार? म्हणून जिथं खरं-खोटं ठरवून निकाल लागायचा नाही अशी, गोष्ट मधनंच सुरू करता येईल अशी जागा पाहिजे, नाटक म्हणा, ओसरीवरच्या गप्पा म्हणा. त्यात भारतानं १९५१ च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारावर सही केलेली नाही, वेगळा कायदाही नाही, तिबेटी लोक इथं राहायला लागणारं नोंदणी सर्टिफिकेट रिन्यू करत राहतात, इथंच जन्मलेले धरून.

आणि रेकॉर्डिंग करणार असाल तर नाव-चेहरा टाकायचा का ते आधी विचारा, मागं राहिलेल्या नातेवाईकांना त्रास होऊ शकतो.