मदत हवी आहे: एम.एस्सी.च्या करिअर गटाला पोट्टे येईनात

पैनगंगाकाठ
आमच्या विभागात सेकंड इयरच्या पोरांनी फर्स्ट इयरसाठी करिअर मार्गदर्शन गट सुरू केला. पहिल्या बैठकीला ३२ जण होते, परवाच्याला ६. ग्रुपवर रोज मेसेज टाकतो, सगळे वाचतात, उत्तर कोणी देत नाही. सोमवारी मॅडमना सांगायचं आहे, चालू ठेवायचा की बंद. काय बदलू? लवकर सांगा.

वर्धेचा_वाटसरू
भाऊ, विषय कोणता? बैठक कोणत्या वारी, किती वाजता? मार्गदर्शक तुम्हीच की पास होऊन नोकरीला लागलेलेही आहेत?

पैनगंगाकाठ
केमिस्ट्री. शनिवारी साडेचार, प्रॅक्टिकल सुटल्यावर. मार्गदर्शक आम्हीच ५ जण.

अभ्यासिका_यवतमाळ
नुसतं 'करिअर' म्हटलं की कोणी येत नाही. प्राध्यापकीच्या सेट परीक्षेची बॅच करा. पेपर १ सगळ्यांना सारखाच, तो गटात होतो. सेटला निगेटिव्ह मार्किंग नाही, देशपातळीवरच्या सीएसआयआर नेटला आहे, म्हणून आधी सेट.

बुटीबोरी_क्यूसी
सेट ही सहायक प्राध्यापकाची पात्रता आहे, नोकरी नव्हे. बाकीच्या पोरांचं काय? त्यांना मुलाखतीची तयारी द्या. क्यूसीत, म्हणजे कंपनीच्या गुणवत्ता तपासणी विभागात, हमखास विचारतात: ०.१ नॉर्मल कॉस्टिक सोडा १ लिटर करायला किती घ्याल? ४ ग्रॅम सगळे सांगतात. पुढचा प्रश्न असतो, मग ते प्रमाणित का करावं लागतं? तिथे गप्प. कॉस्टिक हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, त्यामुळे वजन करून घेतलेल्या ४ ग्रॅमवर भरवसा ठेवता येत नाही. पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटशी टायट्रेट करून खरी नॉर्मॅलिटी काढतात. एका बैठकीत असे चारच प्रश्न घ्या, पण तोंडी, उभं राहून.

अभ्यासिका_यवतमाळ
पेपर १ मधलं रीझनिंग बँकेच्या परीक्षेलाही चालतं. तुम्ही उगाच तोडून टाकता.

सहकार_मित्र
गट नोंदणीकृत करून घ्या. १८६० च्या कायद्याखाली किमान ७ सदस्य लागतात. ठराव, नियमावली, मग धर्मादाय कार्यालय.

वर्धेचा_वाटसरू
नोंदणीचं कोणी विचारलं नाही, दादा.

पैनगंगाकाठ, तुमची वेळच चुकली आहे. शनिवारी साडेचारनंतर खेड्यातली पोरं, त्यातून मुली, गाडीच्या चिंतेत असतात. दसऱ्यापासून कापूस वेचणी, त्याआधी सोयाबीनची सोंगणी. त्या दिवसांत अर्धा वर्ग घरी. रात्री ऑनलाइन ठेवाल तर शेतीपंपाची लाईन रात्रपाळीची असेल तेव्हा पोरगा हरभऱ्याला पाणी देत असतो. बैठक मधल्या वारी, लेक्चर आणि प्रॅक्टिकलच्या मधे, ४० मिनिटांची.

दुसरं, ५ जणांवर ३२ म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला सहा-सात. एकाला तीनच द्या, म्हणजे ११ मार्गदर्शक लागतील. सेकंड इयरला अजून मुलाखतीचा अनुभव नाही, त्यांनी वर्गातलं आणि अर्ज भरण्याचं बघावं. नोकरीचं सांगायला दोन ते पाच वर्षांपूर्वी पास झालेले जोडा, महिन्याला एक फोन, अर्धा तास.

तिसरं, सगळ्यांना एकच मेसेज टाकणं थांबवा. प्रत्येकाकडून चिठ्ठी घ्या: गाव, शेवटची गाडी किती वाजता, सुगीत घरी किती दिवस, आणि 'पुढच्या वर्षी या वेळी कुठे असावं वाटतं'. शेवटच्या ओळीवरून जोड्या लावा. पीएच.डी.वाल्याला क्यूसीवाला मार्गदर्शक दिला की दुसऱ्या फोननंतर दोघंही बोलणं बंद करतात.

मेळघाटची_ताई
महाज्योतीच्या पीएच.डी. फेलोशिपला नॉन क्रिमी लेअर कोणत्या वर्षाचं चालतं?

बुटीबोरी_क्यूसी
ताई, त्या वर्षीची जाहिरात बघा, त्यात तारीख दिलेली असते. वेगळा धागा काढा, इथं हरवून जाईल.

पैनगंगाकाठ
बुधवारी साडेबारा ते एक दहा मोकळे आहेत. चिठ्ठ्या उद्याच घेतो. पण जुन्या पोरांचे नंबर कुठून आणू? ग्रुप दर वर्षी नवा होतो.

वर्धेचा_वाटसरू
विभागात नॅकची, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाची, फाईल असते. त्यात पास झालेली पोरं नोकरीला कुठे लागली, पुढे कुठे शिकताहेत याची यादी ठेवावी लागते. मॅडमकडे तीच मागा. नंबर मात्र थेट पोरांना देऊ नका. आधी विभागातून एक फोन जाऊ द्या: महिन्याला अर्धा तास, तीन पोरं, सहा महिने, जमेल का? 'हो' म्हणतील त्यांचेच नंबर पुढे द्या. सोमवारी मॅडमसमोर चिठ्ठ्या आणि ही यादी दोन्ही ठेवा.