शब्द तोच, हद्द ओलांडली की अर्थ निराळा: तुमचे अनुभव लिहा

युरोपात राहणाऱ्या, शिकायला गेलेल्या सगळ्यांनी लिहा. सुरुवात मी करते. डेन्मार्कमधल्या अर्जांवर 'गिफ्ट' आणि 'उगिफ्ट' असे पर्याय असतात, म्हणजे विवाहित आणि अविवाहित. सीमेपलीकडे जर्मनीत 'गिफ्ट' म्हणजे विष. उंदराच्या औषधावर हाच शब्द. मूळ एकच, 'देणं'. औषधाची दिलेली मात्रा, त्यावरून विष. हुंड्याला जर्मनमध्ये अजूनही 'मिटगिफ्ट' म्हणतात. आणि लग्नाचं म्हणाल, तर 'धाकटीला सांगलीला दिली' असं आपणही म्हणतोच की! हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला. डॅनिशमध्ये विषालाही 'गिफ्ट'च म्हणतात, पण अर्ज भरताना कुणी दचकत नाही.

मिलानहून: आईबाबा आले की पहिल्याच दिवशी न्हाणीघरातला नळ दाखवते. 'सी' म्हणजे 'काल्दो', कढत पाणी. जर्मन 'काल्ट' म्हणजे मात्र थंड. दोन्ही शब्द कानाला भावंडं वाटतात, पण मुळं वेगळी आहेत. 'बुर्रो' इथे लोणी, स्पेनमध्ये गाढव.

ब्रनो, चेकियाहून: इथे 'हो'ला 'आनो' म्हणतात आणि बोलताना त्याचं नुसतं 'नो' होतं. शेजारच्या आजी फोनवर 'नो, नो, नो' करत मान डोलावतात, म्हणजे सगळं मान्य! आमच्या ऑफिसातल्या पोलिश मैत्रिणीला बेकरीतली पाटी अजून खटकते. चेकमध्ये 'चेर्स्तवी' पाव म्हणजे ताजा, तिच्या भाषेत जवळजवळ तोच शब्द शिळ्या पावाला. 'स्क्लेप' तिच्याकडे दुकान, इथे तळघर.

अथेन्सहून: आमच्याकडे 'ने' म्हणजे हो. बेलग्रेडहून आलेल्या सहकाऱ्याच्या भाषेत 'ने' म्हणजे नाही. त्यामुळे महत्त्वाचं काही असलं की आम्ही पूर्ण वाक्यात बोलतो.

कोइंब्राहून, मूळ मडगावची: पोर्तुगालमध्ये विद्यापीठाच्या फीला 'प्रोपिना' म्हणतात. माझ्या स्पॅनिश रूममेटला ती वेटरची टीप वाटते, आणि वर्गातल्या ब्राझिलियन मुलांना चक्क लाच! फीची नोटीस लागली की त्यांचे चेहरे बघावेत. भाषा घरात पणजोबांपासून ऐकलेली, पण हा शब्द मला इथेच भेटला.

हेलसिंकीहून: 'ई-आय' ही दोन अक्षरं. फिनिशमध्ये 'नाही', जर्मनमध्ये अंडं.

उट्रेख्टहून: ब्रनोकर, तुमच्याकडे डिसेंबरात 'नोवी रोक'च्या पाट्या लागतात ना, नव्या वर्षाच्या? डचमध्ये 'रोक' म्हणजे स्कर्ट. माझ्या मुलीने तिथला फोटो बघून विचारलं, सगळ्या दुकानांत स्कर्टच का विकतायत?